विषय: मोटारसायकलची पेट्रोलची टाकी आतून गंजली आहे. गाडी पुरात बुडालेली नव्हती.

दि. 18 सप्टेंबर 2025, कोल्हापूर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
मुख्य कार्यालय

महोदय,

आज दुपारी तुमच्या हेल्पलाइनवर 26 मिनिटं घालवून लगेच हे पत्र लिहायला बसलो आहे. माझे तक्रार क्रमांक तुमच्याकडे तीन आहेत, कारण दर वेळी जुनी तक्रार 'समाधानपूर्वक बंद' करून नवीन नोंदवायला लावतात. समाधान कुणाचं झालं तेवढं कळवा.

गाडी 9 एप्रिल 2024 रोजी, पाडव्याला घेतली. पाच वर्षांची हमी. सतरा महिने पुरे व्हायच्या आत टाकी आतून गंजली आणि खालच्या जोडापाशी भोक पडून गळायला लागली. या जूनमध्ये तावडे हॉटेलपाशी गाडी पहिल्यांदा झटके द्यायला लागली. मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, कामाला आहे, रोजचा रस्ता आहे. सर्व्हिस सेंटरनं इंजिनात पेट्रोल फवारणारा इंजेक्टर साफ केला, 1,180 रुपये. जुलैत गाडी भर पावसात बंद पडली. या वेळी टाकीतला पेट्रोलचा पंप बदलला, 4,650 रुपये. पंपाची जाळी तांबड्या चिखलानं भरली होती, ती मला दाखवलीसुद्धा. हा चिखल कुठनं आला म्हणून विचारलं तर पोरगा म्हणाला, "पंपावरचं पेट्रोल खराब असतंय." टाकीच्या आत टॉर्च मारून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. ते कुणी केलं नाही. नवा पंप त्याच गंजक्या टाकीत बसवून दिला.

27 ऑगस्टला, गणपतीच्या दिवशी सकाळी, गंगावेशीत कुंभार गल्लीच्या तोंडाशी गाडी लावली आणि खाली पेट्रोल ठिबकताना दिसलं. गरम इंजिनावर ठिबकत होतं. मूर्ती रिक्षातनं आणली, गाडी ढकलत नेली.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरमध्ये काय उपचार झाला तो ऐका. तुमच्या अधिकृत कारागिरानं, अधिकृत गणवेशात, कपडे धुवायचा साबण घेतला आणि भोकावर घासला. साबणानं पेट्रोल दोन दिवस थांबतं हे मलाही माहीत आहे. आमच्या वडिलांनीही घाटात एकदा तसं केलं होतं. पण ते घाटात केलं होतं, रात्री, जवळ दुसरं काही नव्हतं म्हणून. सव्वा लाखाच्या, हमीतल्या गाडीला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये साबण? मी विचारलं, आता पुढं काय? "बाहेरच्या गॅरेजमधनं टाकीला आतून कोटिंग करून घ्या." बरं, करून घेतो. "पण बाहेर काम केलं तर हमी जाईल." मग तुम्ही करा. "आमच्याकडे कोटिंग होत नाही, टाकी बदलावी लागेल." मग बदला. "हमीत बसत नाही, 11,800 होतील. तुमचा रंग आत्ता नाही, प्रायमरमधली टाकी येईल." म्हणजे एक भोक बुजवायला सगळे रस्ते बंद, पैसे भरायचा तेवढा उघडा.

आता आजच्या फोनबद्दल. मराठीसाठी 2 दाबायला सांगतात. मी 2 दाबलं. हिंदीत बोलले. पुन्हा दाबलं, तेव्हा एक वरिष्ठ अधिकारी मिळाले. आमचं बोलणं जवळजवळ शब्दशः देतो, कारण तुमच्याकडे कॉल 'गुणवत्तेसाठी रेकॉर्ड' होतो. ऐकून घ्या.

"सर, आपल्या असुविधेसाठी खेद आहे. आपला क्लेम नामंजूर झाला आहे. कारण, पाण्याचा शिरकाव."

मी म्हटलं, पाणी शिरलंय हेच तर मी सांगतोय. ते कुठनं शिरलं?

"सर, आपली गाडी पुरात बुडाली होती का?"

नाही.

"पण सर, सिस्टीममध्ये आपला एरिया पूरग्रस्त दाखवतोय."

कुठला एरिया?

"कोल्हापूर."

मी सांगितलं की आम्ही कोल्हापुरातल्याच संभाजीनगर भागात राहतो. तिथं पंचगंगेचं पाणी यायचं झालं तर आधी अर्धं शहर बुडावं लागेल. अलीकडचे सगळ्यात मोठे पूर आले 2019 आणि 2021 साली, आणि गाडी आहे 2024 ची. तेव्हा ती जन्मालाही आली नव्हती. त्यावर ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पण सर, कोल्हापूरला पूर येतो ना?"

येतो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा पातळी आणि 43 फुटांना धोका पातळी असते, आमच्याकडं शाळेतल्या पोराला विचारलं तरी सांगेल. पण बंधाऱ्यावर पाणी वाढलं की काही किलोमीटरवर माझ्या पार्किंगमधली पेट्रोलची टाकी भरते, हे शास्त्र तुमच्याकडंच शिकायला मिळालं. मी विचारलं, गाडी बुडाली असती तर पाणी सायलेन्सरमध्ये, एअर फिल्टरमध्ये गेलं नसतं का? इंजिन ऑइल दुधाळ झालं नसतं का? मीटरच्या काचेत वाफ धरली नसती का? जुलैत तुमच्याच लोकांनी ऑइल बदललंय. जॉबकार्डवर यातलं एक अक्षरही नाही. उत्तर आलं, "सर, मी आपली भावना समजू शकतो."

भावना नको, टाकी समजून घ्या.

रविवारी मी टाकी स्वतः उतरवली. एका पेल्याएवढं गढूळ पाणी तळातनं निघालं. ते बाटलीत ठेवलंय. तुमच्या इंजिनिअरांना हे सांगायची गरज नाही, तरी सांगतो. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाला बसतं. नुसत्या दमट हवेनं गंज धरला असता तर पेट्रोलच्या वरचा, मोकळा पत्रा आधी धरला असता. माझ्या टाकीचा वरचा पत्रा बऱ्यापैकी स्वच्छ आहे, गंज आहे तो तळाच्या वेल्डिंगच्या जोडावर. म्हणजे पाणी वरनं आत आलं आणि खाली साचून राहिलं.

ते आलं कुठनं तेही सापडलं. झाकणाभोवतीच्या खळग्यात पाऊस साचतो, म्हणून तिथं एक बारीक भोक असतं आणि त्यातलं पाणी रबरी नळीनं खाली जमिनीवर जातं. माझ्या गाडीत ती नळी टाकीच्या मागच्या ब्रॅकेटखाली चेपून बसवलेली आहे. कारखान्यातच, कारण टाकी पहिल्यांदा उतरवली ती जुलैत पंप बदलताना, आणि चिखल त्याआधीच जाळीत होता. सिरिंजनं खळग्यात पाणी घातलं, दहा मिनिटं खाली थेंब आला नाही. पेट्रोल कमी होत जातं तशी टाकी झाकणातनं हवा आत ओढते, आणि तिथं पाणी उभं असेल तर हवेबरोबर तेही ओढते. दोन पावसाळे हेच चाललं होतं. फोटो आणि व्हिडिओ जोडले आहेत.

तुमच्या लोकांचा एक मुद्दा राहिला. सर्व्हिस मॅनेजर म्हणाले की आजकाल पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी धरून ठेवतं, त्याला कंपनी काय करणार. इथेनॉल आम्हाला शिकवू नका हो, आमच्याच उसाच्या मळीतनं ते निघतं. ते पाणी धरतं हे खरं. पण टाकीच्या झाकणाशेजारी 'ई-20', म्हणजे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल चालतं, असं स्टिकर मी चिकटवलेलं नाही. या पेट्रोलला गाडी चालते असं तुम्हीच लिहून दिलंय. आणि इथेनॉल हवेतली ओल थोडी धरेल, पेलाभर पाणी आणून ओतणार नाही.

आता जे मला सगळ्यात लागलंय ते. चोवीस वर्षं फौंड्रीत काढली. आमचं कास्टिंग पावसाळ्यात एक रात्र उघडं राहिलं तर सकाळी तांबडं होतं, म्हणून तेल लावून, पिशवीत घालून पाठवावं लागतं. आणि त्यातल्या एका नगावर गंजाचा ठिपका दिसला तर तुमच्यासारख्या वाहन कंपन्या आख्खा लॉट परत पाठवतात, वर आमच्याकडनं लेखी कारण मागतात. तिथं आम्ही "गंज ही नैसर्गिक झीज आहे" असं लिहून पाठवलं तर चालेल का? तुमच्या नामंजुरीच्या ईमेलमध्ये दुसऱ्या परिच्छेदात हेच वाक्य आहे. पहिल्या परिच्छेदात पूर, दुसऱ्यात नैसर्गिक झीज. एक काहीतरी ठरवा.

वडिलांकडं तुमचीच गाडी होती, कार्ब्युरेटरवाली. पेट्रोलच्या कॉकला खाली वाटी असायची, पाणी आलंच तर वाटी उघडून सांडायचं. अठरा वर्षं वापरली. तिच्याकडं बघून मी ही घेतली. घरात बाकीचे दुसऱ्या कंपनीची घ्या म्हणत होते, आता रोज तेच ऐकतोय.

मागणी एकच आहे. माझ्याच रंगाची नवी टाकी, नळी नीट बसवून, हमीत. आणि इंजेक्टर व पंपाचे 5,830 रुपये परत, कारण दोन्ही बिलं याच गंजाची आहेत. कोटिंग, लांबी (पुट्टी), साबण यातलं काही चालणार नाही.

15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही, त्यामुळं मला काही जड नाही. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार कालच नोंदवली आहे. टाकी आणि बाटली दोन्ही आयोगात घेऊन येईन. तोवर तुमचा कुणी तपासनीस येणार असेल तर जरूर यावा, संभाजीनगरात चप्पल न भिजवता पोचता येतं.

आपला (अजून तरी) ग्राहक

सोबत: बिलांच्या व जॉबकार्डच्या प्रती, फोटो, नामंजुरीचा ईमेल.

ता. क. 28 ऑगस्टच्या बिलात 'कन्झ्युमेबल्स, 60 रुपये' असं लावलंय. त्या दिवशी माझ्या गाडीला साबणाशिवाय काहीही लावलेलं नाही. ती वडी दहा रुपयांची होती आणि उरलेली परत खिशात गेली. वरच्या रकमेत हे 60 धरायचे राहिले, तेवढे मिळवून घ्या.