धाकट्याच्या लग्नाचा खर्च आणि मानपान: आई-बाबांना पत्र

॥ श्री योगेश्वरी प्रसन्न ॥

छत्रपती संभाजीनगर,
कार्तिक वद्य पंचमी

तीर्थरूप आई आणि बाबा यांना,
तुमच्या लेकीचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. या आठवड्यात आपले फोनवर बोलणे रोज झाले, पण ते तुकड्यातुकड्यांत झाले. कधी बाबा शेतावर निघालेले असत, तर कधी माझी शाळेची वेळ झालेली असे. लग्नाच्या खर्चासारखा विषय अशा घाईत काढला की मनातील माया मागे राहते आणि आकडे तेवढे ऐकू जातात. म्हणून आज रात्री सर्व आवरून सविस्तर लिहायला बसले आहे. बाबांनी हे पत्र आईला सावकाश वाचून दाखवावे, अशी विनंती आहे.

दिवाळीची सुट्टी संपून शाळेचे दुसरे सत्र सुरू झाले आहे. आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे ज्या दिवशी ते येते त्या दिवशी घरातील बाकीची सर्व कामे बाजूला राहतात. तुमचे जावई पहाटे उठून टाकी आणि पिंप भरून घेतात आणि मगच माझा डबा होतो. धाकट्याची वाळूजच्या कारखान्यात सध्या दुसरी पाळी आहे. तो रात्री उशिरा जेवायला आमच्याकडेच येतो, कारण एकट्याने खोलीवर काहीतरी खाऊन झोपलेले मला आवडत नाही. त्याची तब्येत उत्तम आहे. लग्नाचा विषय निघाला की तो अजूनही लाजून ताटाकडे पाहू लागतो.

रविवारी आम्ही तिघे बदनापूरजवळ मुलीच्या घरी जाऊन आलो. कार्यालय पाहणे आणि बस्त्याचा दिवस ठरवणे एवढेच काम होते. मुलीच्या वडिलांनी आम्हांला आधी शेत दाखवले. त्यांची तूर बदनापूरच्या संशोधन केंद्राच्या बीडीएन ७११ वाणाची आहे आणि ती फुलोऱ्यातून शेंगांवर आली आहे. बाबांनी पाहिली असती तर बांधावरून उठले नसते. मोसंबीच्या आंबे बहाराला मात्र यंदा फळगळ फार झाली आणि हाती आलेल्या मालाला मनासारखा भाव मिळाला नाही. हे त्यांनी सांगितले नाही, मी विचारले तेव्हा कळले. घरी आल्यावर त्यांनी एक वही काढली. तिच्यात कार्यालय, मंडप, आचारी, वाढपी, बँड, फेटे असे सर्व ओळीने लिहिलेले होते आणि शेवटच्या पानावर वरपक्षाकडील मानाच्या माणसांसाठी जागा मोकळी सोडलेली होती. मानाच्या साड्या किती, टोपी-टॉवेल किती, कोणाकोणाला भरजरी आहेर करायचा, हे आपल्याकडून कळले की ते पान भरायचे, असे ते फार अदबीने म्हणाले.

त्यानंतर मी चहाचे कप ठेवायला स्वयंपाकघरात गेले, तेव्हा मुलीची आई माझ्याशी मोकळेपणाने बोलली. बागेवर सध्या मृग बहाराची फळे आहेत. ती फेब्रुवारीपासून पुढे उतरतील, पण लग्नासाठी ती बाग आताच व्यापाऱ्याला देऊन उचल घ्यावी असा त्यांच्या घरात विचार चालला आहे. अशा उचलीत काय होते हे बाबांना मी सांगायची गरज नाही. फळ झाडावर लहान असताना जो भाव ठरतो तो शेतकऱ्याच्या अडचणीकडे पाहून ठरतो, आणि पुढे बाजार कितीही चढला तरी त्याचा लाभ उचल देणाऱ्याला होतो. म्हणजे आपल्या घरच्या मानाच्या साड्यांसाठी त्या माणसाचे वर्षाचे उत्पन्न कमी भावात जाणार आहे.

बाबा, सोयरिकीच्या पहिल्या बैठकीत तुम्ही सर्वांसमोर सांगितले होते की आम्हांला हुंडा नको, मुलगी आणि नारळ द्या. त्या क्षणी मला तुमचा जो अभिमान वाटला तो मी आजवर कोणाला बोलून दाखवलेला नाही. त्याच शब्दाच्या आधाराने मी आज पुढचे मागते आहे. मानपानाची यादी ही रीत म्हणून आपण वेगळी धरतो, परंतु मुलीच्या बापाच्या खिशाला ती हुंड्याइतकीच जड जाते. माझ्या लग्नात हे मी जवळून पाहिले आहे. सासरकडच्यांनी काही मागितले नव्हते, तरी उणे दिसू नये म्हणून तुम्ही सोसायटीचे कर्ज काढलेत, आणि पुढे कित्येक हंगाम सोयाबीन बाजारात गेले की पैसे घरी येण्याआधी हप्त्याला जात. आई तेव्हा मला म्हणायची की तू या हिशेबात पडू नकोस. मी पडले नाही, पण सर्व पाहत होते.

म्हणून माझे, धाकट्याचे आणि जावयांचेही मत असे झाले आहे की कार्यालय, जेवण आणि मंडप यांचा खर्च दोन्ही घरांनी निम्मा निम्मा करावा. आपला निम्मा वाटा धाकटा स्वतःच्या शिलकीतून देणार आहे आणि त्यात कमी पडेल ते मी घालीन, त्यामुळे तुम्ही कोठेही कर्जासाठी सही करायची नाही आणि आईनेही पाटल्यांचे नाव काढायचे नाही. मानाच्या साड्या, टोपी-टॉवेल आणि भेटीचे आहेर दोन्ही बाजूंनी बंद ठेवावेत. पत्रिकेवर ‘आहेर स्वीकारले जाणार नाहीत’ अशी ओळ छापावी आणि ती खरोखर पाळावी. बायकांची ओटी तेवढी भरावी, कारण तो मान पैशाचा नाही आणि तो सोडावा असे मलाही वाटत नाही.

आई, या ठिकाणी तुझ्या मनात काय येईल ते मला ठाऊक आहे. मोठ्या आत्याने तिच्या घरच्या प्रत्येक कार्यात तुला साडी नेसवली आहे, मावश्यांनी माझ्या लग्नात रात्र रात्र जागून रुखवत मांडले आहे, आणि त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवणे तुला जड जाईल. तू म्हणशील तर त्या मोजक्या साड्या आपण आपल्या पैशाने, आपल्या घरी, गोंधळाच्या दिवशी देऊ. माझे म्हणणे एवढेच आहे की त्या मुलीच्या वडिलांच्या वहीत लिहिल्या जाऊ नयेत. आत्याशी बोलायला मी स्वतः अंबाजोगाईला येईन. ती रागावली तर माझ्यावर रागावेल आणि माझ्यावरचा तिचा राग फार वेळ टिकत नाही.

सुनेच्या पैठणीबद्दल तू विचारले होतेस. शाळेला सुट्टी होती त्या दिवशी मी तिला सोबत घेऊन पैठणला गेले. आधी नाथांच्या समाधीचे दर्शन घेतले आणि मग मागावर काम चालते तेथे बराच वेळ बसलो. पदरावरचा मोर विणताना कारागीर प्रत्येक रंगाची वेगळी कांडी हाताने फिरवतो, त्यामुळे दिवसभर बसूनही वीण थोडीच पुढे सरकते. भरलेल्या पदराची साडी पूर्ण व्हायला कित्येक महिने जातात, तेव्हा लग्नापर्यंत नवी विणून मिळणे शक्यच नव्हते. तयार साड्यांमध्ये पाहताना मला काही सांगावे लागले नाही, तिने स्वतःच पदर उलटून पाहिला. हातमागाची पैठणी दोन्ही अंगांनी सारखी दिसते आणि यंत्रमागाच्या नकलेला मागून सुटे धागे असतात, हे तिला तिच्या आजीने शिकवलेले आहे. तिने नारळी काठाची, लहान बुट्ट्यांची आणि बेताच्या पदराची मोरपंखी साडी पसंत केली. मी तिला त्याहून भारी दाखवीत होते, पण ती म्हणाली की ही मी संक्रांतीला आणि गौरींनाही नेसेन, फार जड साडी कपाटातच राहते. आई, तुला ही मुलगी आवडेल, याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही. येताना मी बाबांसाठी आणि होणाऱ्या व्याह्यांसाठी सारख्याच वाणाच्या दोन हिमरू शाली पाहून ठेवल्या आहेत. व्याहीभेटीच्या वेळी दोघांच्याही अंगावर एकसारखी शाल असावी, अशी माझी इच्छा आहे. आपल्या बाजूचा बस्ता यातच जवळजवळ झाला. त्यासाठी दोन्हीकडची गाडी भरून माणसे दुकानात बसवण्याची आवश्यकता आहे असे मला वाटत नाही.

सारा आठवडा केवळ लग्नाच्या कामात गेला असे मात्र नाही. धाकट्याच्या साप्ताहिक सुट्टीच्या संध्याकाळी आम्ही सर्वांनी तापडिया नाट्यमंदिरात हौशी मंडळींचे एक नाटक पाहिले. मुलीच्या वडिलांची परवानगी घेऊन तीही आली होती. ती तिच्या मामांकडे गारखेड्यात उतरली होती. प्रकाशयोजना साधीच होती आणि एका प्रवेशात नेपथ्य बदलायला फार वेळ लागला, परंतु म्हाताऱ्या शेतकऱ्याचे काम करणाऱ्या नटाने आपल्याकडची बोली इतकी नेमकी धरली होती की प्रेक्षागृहात मागच्या रांगांतूनही दाद येत होती. मध्यंतरात ती धाकट्याला त्या नटाबद्दल काही सांगत होती आणि तो ऐकत होता, मधे बोलत नव्हता. एवढे मन लावून त्याला कोणाचे ऐकताना मी पहिल्यांदाच पाहिले. परतताना निराला बाजारात सर्वांनी कुल्फी खाल्ली आणि तिला वेळेत मामांकडे पोहोचवले.

बाबा, यावरून आठवले. २५ नोव्हेंबरपासून आपल्या गावी यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह आहे. लग्नाची कामे आहेत म्हणून तुम्ही यंदा जाणार नाही, असे आई म्हणाली. कृपा करून असे करू नका. संगीताच्या रात्री तुम्ही ज्या उत्साहाने घरी येऊन आईला झोपेतून उठवून कोण कसे गायले ते सांगता, तो उत्साह लग्नघरात असायलाच हवा. पत्रिका वाटण्याचे काम धाकट्या काकांकडे द्या आणि तुम्ही पहिल्या रात्रीपासून जा. गुडघ्याला थंडी बाधते म्हणून गरम पट्टा मात्र लावून जा.

आता तिथीविषयी. मार्गशीर्षात देवीचा महोत्सव पौर्णिमेपर्यंत चालतो आणि तेव्हा गावात उतरायला खोली मिळत नाही. शिवाय आई त्या दिवसांत देवळाला सोडून कोठे जाणार नाही. म्हणून गुरुजींनी दिलेल्या तिथींपैकी पौर्णिमेनंतरची पहिली तिथी मुलीकडच्यांनाही सोयीची आहे. कार्यालय जालन्यात आहे आणि वऱ्हाडाला चार-पाच तासांचा प्रवास पडेल. योगेश्वरीच्या लग्नाची घटिका टळली आणि वऱ्हाड आपल्या गावच्या हत्तीखाना लेण्यांत दगडाचे होऊन राहिले, ही गोष्ट आई आम्हांला प्रत्येक लग्नाला निघताना सांगत आली आहे, त्यामुळे मुहूर्ताच्या दिवशी पहाटे निघण्याचा बेत मी मांडणारच नाही. वऱ्हाड आदल्या दिवशी दुपारी निघेल, संध्याकाळी तेथेच सीमांतपूजन आणि हळद होईल आणि सकाळच्या मुहूर्तावर अक्षता पडतील. म्हणजे संध्याकाळच्या वरातीचा आणि दुसऱ्या वेळच्या जेवणाचा खर्चही आपोआप वाचतो. लग्नाची नोंदणी लगेच करून घेऊ. राज्याच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याप्रमाणे तीन साक्षीदार लागतात. त्यांत एक जावई आणि एक मुलीचे मामा असतील, तिसरे नाव बाबांनी सुचवावे.

जेवणात बुंदी, पोळी, वांग्याची भाजी, वरण-भात आणि येसराची आमटी एवढेच ठरवत आहोत. आचारी बाजारातील येसर वापरतो म्हणाला, पण मुलीच्या आईची फार इच्छा आहे की ते दोन्ही घरच्या बायकांनी मिळून करावे. आई, तुझ्या येसरात ज्वारी आणि गहू किती भाजून घेतेस, धणे किती आणि लवंग-दालचिनी कोणत्या वेळी घालतेस, ते सर्व प्रमाण मला सांग, म्हणजे मी ते तिकडे लिहून देईन. हळकुंडे वसमतहून मागवली आहेत. कुंथलगिरीच्या पेढ्यांचे मामा पाहणार आहेत.

पत्रिका छापणाऱ्याला येत्या सोमवारी मजकूर द्यायचा आहे. आपल्याकडून तीनशे माणसांची यादी करावी असे मी धरले आहे. तुम्ही दोघांनी बसून नावे काढावीत आणि ज्या नावावर तुमचे एकमत होणार नाही ते तसेच ठेवावे, मी आल्यावर पाहू. निम्म्या खर्चाबद्दल आणि आहेराबद्दल तुमचा जो निर्णय असेल तो बाबांनी व्याह्यांना स्वतः फोन करून कळवावा. माझ्या किंवा धाकट्याच्या तोंडून तो त्यांच्या कानी जाणे बरे दिसणार नाही, आणि बाग व्यापाऱ्याला देण्याचे ते याच आठवड्यात ठरवणार आहेत, म्हणून हा फोन शक्य तर गुरुवारच्या आत व्हावा. मी शनिवारी दुपारच्या एसटीने निघून रात्री पोहोचते. जेवायला थांबू नका.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुमची लेक