वाचनालयाची वेबसाइट करणाऱ्या लेकीस

पुणे

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही चौघं मिळून सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट करताय हे ऐकून फार बरं वाटलं. मार्कांपुरतं एखादं लुटुपुटूचं दुकान उभं करण्यापेक्षा हे काम कितीतरी मोलाचं आहे. फोनवर तू रिअ‍ॅक्ट हे पानं बांधायचं तयार साधन घ्यायचं की साधं एचटीएमएल यावर बराच वेळ बोललीस. तो निर्णय आठवडाभर लांबला तरी काही बिघडत नाही. आधी एक संध्याकाळ देवघेवीच्या टेबलाजवळ बसा. सभासद काय विचारतात, ग्रंथपाल कोणती वही उघडतात, कुठे अडतात, ते बघा आणि तिथल्या तिथे लिहून घ्या.

लिहून घ्या, यावर माझा भर का, ते सांगतो. इतकी वर्षं सॉफ्टवेअरच्या धंद्यात काढली, त्यात कोड जमला नाही म्हणून अडलेली कामं मी कमी पाहिली. एकाने मनात धरलेली गोष्ट दुसऱ्याला ठाऊकच नव्हती, म्हणून अडलेली खूप पाहिली. सगळे हुशार, सगळे कष्टाळू, पण एकाचा पायपोस एकाच्या पायात नाही.

तुमच्याच कामातलं घे. पुस्तक शोधायचं पान तू करणार, डेटाबेस तुझी मैत्रीण करणार. तिने पुस्तकाच्या नोंदीतच 'उपलब्ध' असा एक रकाना ठेवला, हो किंवा नाही. पण वाचनालयात एका पुस्तकाच्या तीन प्रती असू शकतात आणि प्रत्येक प्रतीचा दाखल क्रमांक वेगळा असतो. एक प्रत कुणी नेली की तिच्या हिशेबात अख्खं पुस्तकच बाहेर गेलं. तुझा कोड बरोबर, तिचाही बरोबर, आणि दोन प्रती कपाटात असताना सभासदाला उत्तर मिळतं 'नाही'. हे टाळायला अर्धं पान पुरतं. सर्व्हर, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढून पानाला देणारा भाग, काय पाठवणार: शीर्षक, लेखक, एकूण प्रती, शिल्लक प्रती. प्रत्येकाचं नाव कोडमध्ये नेमकं कसं लिहायचं. शिल्लक हा आकडाच असेल, आणि सगळ्या प्रती बाहेर असतील तर शून्य येईल, रिकामी जागा येणार नाही. दोघींनी त्यावर हो म्हटलं की कुणी कुणासाठी थांबायला नको. डेटाबेस तयार व्हायच्या आत तू चार खोट्या नोंदी घालून तुझं पान पुरं करू शकतेस.

त्याच कागदावर शोधाचंही ठरवा. कुणी 'हिंदी' लिहील, कुणी 'हिन्दी'. 'दऱ्या'मधला ऱ्य तर दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप होतो. डोळ्यांना सारखाच दिसतो, पण संगणकाला ती वेगळी अक्षरं वाटतात. याची काळजी पान घेणार की सर्व्हर, हे नाव घालून लिहा. नाहीतर दोघी समजाल की दुसरी बघते आहे.

आता काय करायचं नाही तेही लिहा. ऑनलाइन वर्गणी, मोबाइल अ‍ॅप, वाचकांचे अभिप्राय, हे सगळं सुचणारच, आणि सुचावंच. पण पहिल्या खेपेला एकच गोष्ट पुरी करा: सभासदाला घरबसल्या कळावं की पुस्तक कपाटात आहे की बाहेर. बाकीचं 'नंतर' अशा मथळ्याखाली घाला आणि तो कागद ग्रंथपालांना वाचून दाखवा. त्यांनी मान डोलावली की मगच पुढे. पानांची कच्ची चित्रं वहीत पेन्सिलीने काढा, मोबाइलच्या उभ्या आकाराची, कारण बहुतेक सभासद मोबाइलवरच बघतील.

कामांची पाटी कुठलीही चालेल. 'करायचं', 'चालू', 'झालं' असे तीन रकाने बस. फक्त 'झालं' म्हणजे काय ते ठरवा. माझ्या लॅपटॉपवर चालतं, याला झालं म्हणू नका. दुसऱ्याने तपासलं, मुख्य शाखेत, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक कोडमध्ये गेलं, मोबाइलवर उघडून पाहिलं, मग झालं.

गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, तू शिकते आहेस, पण तुम्ही ते अजून पेनड्राइव्हसारखं वापरता असं तुझ्या बोलण्यावरून वाटलं. एकमेकांना कधी न भेटणाऱ्या माणसांच्या कामातूनच ते जन्माला आलं आहे. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नेलवर, म्हणजे गाभ्यावर, जगभरातले लोक काम करत होते. ते याच कामासाठी बिटकीपर नावाचं व्यावसायिक सॉफ्टवेअर वापरायचे. त्याची फुकट सवलत २००५ मध्ये बंद झाली, तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्या एप्रिलमध्ये स्वतःच गिट लिहायला घेतलं. कोणी, काय, का बदललं हे दूरच्या माणसाला तिथेच वाचता यावं, हा त्याचा खरा उपयोग. म्हणून कमिटचा, म्हणजे नोंदवलेल्या बदलाचा, संदेश 'अपडेट' किंवा 'फायनल २' असा नको. 'शिल्लक प्रती शून्य असतील तर राखून ठेवण्याचं बटण दाखवलं' असा हवा. मराठीत लिहिलात तरी गिटला चालतं, आणि तुम्हा चौघांना ते जास्त सोपं जाईल असं मला वाटतं.

शाखा, म्हणजे तुझ्या कामापुरती कोडची वेगळी वाट, काढलीस की एखाद-दोन दिवसांत मुख्य शाखेत मिळव, घोंगडं भिजत ठेवू नकोस. पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझे बदल तपासून मिळवून घ्या' ही विनंती, लहान ठेव. पन्नास ओळी असतील तर माणूस वाचतो. हजार असल्या की वरवर बघून 'छान' म्हणतो. दोघांनी एकाच ओळीला हात लावला तर गिट थांबेल आणि फाइलमध्ये सात डावे बाण, मध्ये सात बरोबरची चिन्हं, शेवटी सात उजवे बाण दिसतील. वरचा भाग एकाचा, खालचा दुसऱ्याचा. घाबरून दुसऱ्याचा भाग पुसून टाकू नकोस. ज्याची ओळ आहे त्याला फोन कर, दोघांनी मिळून ठरवा.

कोड तपासताना कोडबद्दल बोला, माणसाबद्दल नको. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या लोकांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीत एका इंजिनिअरकडून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला गेला. सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला, कारण बॅकअपच्या ज्या सोयी होत्या असं वाटत होतं त्या ऐन वेळी चालल्या नाहीत. त्यांनी सगळं जाहीर लिहिलं, पण त्या माणसाचं नाव घेऊन खापर फोडलं नाही. कुठली व्यवस्था कमी पडली ते मांडलं. तुमच्यातही असंच वागा. आणि बॅकअप घेतलात तर तो रिकाम्या डेटाबेसमध्ये एकदा परत भरून बघा.

सबमिशन जवळ आलं की आणखी मित्रांना घ्यावंसं वाटेल. फ्रेड ब्रूक्स या संगणकतज्ज्ञांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलं आहे की उशीर झालेल्या कामात माणसं वाढवली तर उशीर आणखी वाढतो. चौघांत बोलण्याच्या जोड्या सहा होतात, आठ जणांत अठ्ठावीस. त्यापेक्षा 'नंतर'च्या यादीत दोन गोष्टी ढकला.

एक गोष्ट मात्र आत्ताच उरकून घे. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, तुमच्यापैकी कुणाच्या खात्यावर घेऊ नका. वाचनालयाच्या नावावर, त्यांच्या ईमेलवर घ्या. पासवर्ड कोडमध्ये किंवा गिटमध्ये ठेवू नका. नवं पुस्तक कसं चढवायचं, बॅकअप कुठे आहे, डोमेनची मुदत कधी संपते, हे मराठीत लिहून ग्रंथपालांच्या हाती द्या. पुढच्या वर्षी तुम्ही चौघं चार गावांना असाल आणि मुदतीची आठवण करून देणारा मेल वाचनालयाच्या पत्त्यावर यायला हवा. हा खर्च दरवर्षीचा आहे, तेव्हा कार्यकारी मंडळाची बैठक कधी आहे ते विचार आणि त्याआधी त्यांच्या कानावर घाल.

तुझा,
बाबा