ऑफिसचा ईमेल केवळ अँटिव्हायरसच्या भरवशावर नको

महोदय,

पतसंस्था, सीएंची ऑफिसे, लहान कारखाने या ठिकाणी ईमेलच्या सुरक्षेचा विषय 'अँटिव्हायरस टाकलाय' एवढ्यावर संपतो. अँटिव्हायरस हवाच. पण पासवर्ड लावलेली झिप फाइल मेल सेवेला उघडून तपासता येत नाही, म्हणून भामटे नेमकी तीच जोडतात आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहून देतात. अशी फाइल आली तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर पाठवणाऱ्याला फोन केल्याशिवाय ती उघडू नये.

मे २००० मध्ये जगभर पसरलेल्या 'आय लव्ह यू' व्हायरसच्या फाइलच्या नावात आधी 'टीएक्सटी' आणि शेवटी 'व्हीबीएस' होते. विंडोज शेवटचा भाग लपवत असल्याने ती साधी मजकुराची फाइल वाटे. तो भाग आजही मुळात लपलेलाच असतो. विंडोज ११ मध्ये फाइल एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू', मग 'शो'मध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर खूण करावी. शिवाय 'जेएस', 'व्हीबीएस' आणि 'एचटीए' या उघडताच प्रोग्रॅम चालवणाऱ्या फाइल नोटपॅडमध्ये उघडतील असे ठरवून द्यावे. मग चुकून डबल क्लिक झाले तरी प्रोग्रॅम चालत नाही, नुसता मजकूर दिसतो. रोजच्या कामाच्या लॉगिनला अ‍ॅडमिन अधिकारही नसावेत.

मेल सॉफ्टवेअर निवडताना किंमत नंतर बघावी; सुरक्षा अपडेट कधीपर्यंत मिळणार हे आधी विचारावे. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक २०१६ आणि २०१९ चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तरी ही सॉफ्टवेअर चालू असलेली ऑफिसे आहेत. मार्च २०२३ मध्ये आउटलुकमधली एक त्रुटी दुरुस्त झाली. तिच्यामुळे मेल न उघडताही विंडोज लॉगिनची सांकेतिक माहिती बाहेर जाऊ शकत होती. अशी त्रुटी पुन्हा निघाली तर अपडेट न मिळणाऱ्या आवृत्तीत कर्मचाऱ्याची सावधगिरी काय करणार?

मोफत पर्यायांत थंडरबर्ड चांगला आहे. तो मेलमधील बाहेरची चित्रे आपणहून उतरवत नाही, त्यामुळे मेल उघडल्याची खबर त्या चित्रांवाटे पाठवणाऱ्याला लागत नाही. नव्या आउटलुकमध्ये इतर कंपन्यांची खाती जोडली की त्यांतील मेल मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरही जातात. ग्राहकांची आर्थिक कागदपत्रे हाताळणाऱ्यांनी हे माहीत करून घेऊनच निर्णय घ्यावा. ब्राउझरमधून मेल पाहणाऱ्यांना मोठा धोका पासवर्ड चोरीचा, त्यामुळे टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर मोबाइलवरच्या कोडसारखी दुसरी खूण मागणारी सोय) टाळू नये.

मेल संगणकावर उतरवून घेण्याच्या जुन्या पॉप पद्धतीत बहुधा सगळे मेल एकाच संगणकावरील पीएसटी फाइलमध्ये (आउटलुकची साठवणीची फाइल) साठतात. रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणीसाठी फाइल अडवणाऱ्या व्हायरसने, ती फाइल कुलूपबंद केली की वर्षांचा पत्रव्यवहार गेला. आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवून सगळ्या उपकरणांवर दाखवणारी पद्धत; सेटिंगमध्ये पोर्ट क्रमांक ९९३) हा मार्ग बरा, पण तो बॅकअप नव्हे: एका ठिकाणी खोडलेला मेल सगळीकडून जातो. बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्यावा आणि डिस्क काढून ठेवावी.

स्वतःचे डोमेन (ईमेल पत्त्यातील @ नंतरचे नाव) असेल तर एसपीएफ (आपल्या नावाने मेल पाठवू शकणाऱ्या सर्व्हरची यादी), डीकिम (मेलवरच्या डिजिटल सहीची नोंद) आणि डीमार्क (तपासणीत न बसलेल्या मेलचे काय करायचे ती सूचना) या नोंदी डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीत, कराव्यात. इथे हमखास दोन चुका होतात. एक म्हणजे नव्या सेवेसाठी दुसरी एसपीएफ नोंद टाकली जाते. दोन झाल्या की तपासणीच फसते, म्हणून असलेल्या एकाच नोंदीत भर घालावी. दुसरी, डीमार्क थेट 'रिजेक्ट'वर (मेल नाकारा) ठेवला जातो आणि नोंदीत नसलेल्या बिलिंग सॉफ्टवेअरमधून जाणारी आपलीच बिले परत येतात. आधी 'नन'वर (काहीच अडवू नका) ठेवून काही आठवडे डीमार्कचे अहवाल वाचावेत, मग 'क्वारंटाइन' (स्पॅममध्ये टाका) आणि शेवटी 'रिजेक्ट' करावे.

संसर्गाची शंका आली तर संगणकाचे नेटवर्क तोडावे, पण फॉरमॅट करू नये. पुरावा पुसला जातो. पासवर्ड दुसऱ्या संगणकावरून बदलावा आणि खात्यातील फॉरवर्डिंगचे नियम तपासावेत. चोराने लावलेला नियम पासवर्ड बदलूनही राहतो आणि मेल त्याच्याकडे जातच राहतात. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवावे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला अशा घटनेची सहा तासांत माहिती देण्याचे बंधन २०२२ पासून खासगी कंपन्यांनाही आहे.

– एक संगणक देखभाल व्यावसायिक, सांगली