पुंगळ्या रस्त्यावर, मग रिव्हॉल्व्हर कसं?

संपादक महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आमच्या भागातल्या गोळीबाराची बातमी आली. 'रिव्हॉल्व्हरमधून तीन राउंड झाडले, रस्त्यावर तीन पुंगळ्या मिळाल्या.' शेजारी फोटो एके-47चा. मला हसू आलं. तर आमची मंडळी म्हणाली, तिकडं माणूस दवाखान्यात पडलाय आणि तुम्ही हसताय! तिचंही खरंच होतं. पण जन्म पोलिसांच्या शस्त्रागारात गेला, डोळा आधी तिथंच जातो.

रिव्हॉल्व्हरला फिरतं सिलिंडर असतं, त्यात बहुधा सहा घरं. बार झाला की गोळी पुढं जाते, काडतुसाची रिकामी पुंगळी मात्र घरातच बसून राहते. सिलिंडर उघडून ती हातानं पाडावी लागते. पिस्तुलाचं तसं नाही. दर बाराला वरची सरकती स्लाइड मागं येते आणि गरम पुंगळी बाहेर उडते. सरावाच्या वेळी शेजारच्याच्या कॉलरमध्ये पडली की तो बिचारा कसा नाचतो, ते रेंजवर गेलेल्या प्रत्येकानं बघितलंय. तेव्हा तीन पुंगळ्या रस्त्यावर असतील तर हत्यार पिस्तूल असणार. नाहीतर हल्लेखोरानं भर चौकात थांबून निवांत सिलिंडर रिकामं केलं, असं मानावं लागेल.

दोष एकट्या वार्ताहराचा नाही. ठाण्याच्या प्रेसनोटमध्येच तसं लिहून येतं. आमच्याकडं एका पंचनाम्यात साहेबांनी असंच पिस्तुलाला रिव्हॉल्व्हर लिहिलं होतं. कोर्टात बचावाच्या वकिलानं मुद्देमालाची लाखबंद पिशवी उघडायला लावली आणि मला विचारलं, "हवालदार, हे काय आहे?" म्हटलं, पिस्तूल. "आणि पंचनाम्यात?" मी गप्प. मग वकिलाचा पुढचा सवाल, जप्त केलेलं हत्यार हेच कशावरून? साहेब मागच्या बाकावर रुमालानं मान पुसत होते. खरं सांगायचं तर तो कागद लिहिताना मी शेजारीच उभा होतो. नवीन होतो, साहेबांना टोकायची हिंमत झाली नाही.

बोरचा, म्हणजे नळीच्या मापाचाही असाच घोळ. मागं कुठंतरी '12 एमएमची बंदूक' वाचली. शिकारीची ती बारा बोर. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक जिच्यात बरोबर बसेल ती नळी बारा बोरची. भरते साधारण साडेअठरा एमएम. या हिशेबात आकडा लहान तेवढी नळी मोठी. उलट '32 बोर' म्हणतात ते खरं तर इंचाचे शंभरातले 32 भाग, म्हणजे आठ एमएम. 'बोर' शब्द आम्हीही सर्रास वापरायचो, त्याबद्दल कुणाला नावं ठेवत नाही. पण बारा बोरला 12 एमएम म्हणणं म्हणजे रेड्याला बोकड म्हणण्यासारखं.

कुणी म्हणेल, गोळी लागली ती लागली, नावाला काय चाटायचंय? कायद्यात फरक पडतो. 2019च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना साधं अग्निशस्त्र बाळगलं तर दोन ते पाच वर्षं, एके-47सारखं प्रतिबंधित प्रकारातलं असेल तर सात ते चौदा. बातमीत गावठी कट्ट्याला 'एके-47' केलं की गावात पोराच्या बापाला लोक काय काय सुनावतात, तेही मी बघितलंय. आणि महिन्याभरानं दोषारोपपत्रात कट्टाच निघाला, की तीच माणसं म्हणतात, पोलिसांनी पैसे खाऊन केस हलकी केली.

छापण्याआधी आपल्या माणसानं एवढंच विचारावं: सिलिंडर होतं की मॅगझिन, म्हणजे पिस्तुलाची गोळ्यांची पेटी? ठाणे अंमलदाराला सांगता आलं नाही, तर नुसतं 'अग्निशस्त्र' लिहावं. मला फोन केला तरी चालेल. दुपारी दोन ते चार मी झोपतो, तेवढं सोडून.

— एक निवृत्त आर्मरर हवालदार, जि. सातारा