मॅडम, त्या दिवशी तुम्ही फॉर्म वाचलात म्हणून

मॅडम, हे समोर येऊन बोलायला गेले असते तर रडूच आलं असतं, म्हणून लिहितेय. परवा केंद्र सरकारच्या इन्स्पायर स्कॉलरशिपचे पैसे अकाउंटला जमा झाले. वर्षाचे ६० हजार! आईला मेसेज दाखवला तर तिने तीनदा शून्यं मोजली.

बारावीला बोर्डात वरच्या १ टक्क्यात आले तेव्हा सगळे म्हणाले इंजिनिअरिंगला जा, बीएस्सी करून काय मिळतं. ही स्कॉलरशिप बेसिक सायन्स शिकणाऱ्यांसाठीच आहे हे कळलं तेव्हा कुठे घरच्यांना धीर आला. पण त्यासाठी प्रिन्सिपलांच्या सहीशिक्क्याचा फॉर्म लागतो, आणि त्या एका कागदासाठी मी आमच्या ऑफिसच्या खिडकीत किती दिवस उभी राहिले ते माझं मला माहीत. उद्या ये. साहेब मीटिंगमध्ये आहेत. आमच्याकडे असलं काही नसतं. अहो २००८ पासून ही योजना चालू आहे आणि सायन्स कॉलेजच्या ऑफिसला नाव माहीत नाही! फॉर्म हातात घेऊन कोणी बघितलासुद्धा नाही, न बघताच परत सरकवायचे. राग अजून गेलेला नाही.

तुम्ही मला शिकवतही नव्हता. मी पॅसेजमध्ये डोळे पुसत होते आणि तुम्ही म्हणालात, "बस इथे, आण बघू काय आहे ते." मग ड्रॉवरमधून स्टीलची पट्टी काढली, ओळीखाली धरली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागलात, ओळ संपली की पट्टी खाली, बाजूला पेन्सिलची बारीक खूण, पुढची ओळ. माझ्या नावात मार्कशीटवर एक ए जास्त आहे आणि फॉर्मवर नाही, हे तुम्हाला त्या पट्टीमुळे दिसलं, मी स्वतः दहा वेळा वाचूनही मला दिसलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, "तपासणारा तुला ओळखत नाही गं, त्याच्यापुढे फक्त हे कागद असणार." खरंच, इथे मुलाखत नाही की निबंध नाही, मार्क आणि कागद एवढंच. ते कागद कोणीतरी माझ्या बाजूने आधी वाचणं किती मोठी गोष्ट आहे हे मला तेव्हा समजलं.

सही तर तुम्ही तासाभरात मिळवून दिलीत, पण मला सही नाही, ती पट्टीच आठवते. तुमचा डबा शेजारी तसाच होता, झाकणही उघडलेलं नव्हतं. ज्यांचं काम होतं त्यांना वेळ नव्हता आणि ज्यांचं नव्हतं त्या जेवण सोडून बसल्या. अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांचं शिक्षण पुढे सरकतं हो.

पेन्सिलच्या खुणांचा तो कच्चा फॉर्म मी फाईलमध्ये जपून ठेवलाय. आईने तुमच्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटलीय, सोमवारी प्रॅक्टिकलच्या आधी आणून देते. नाही म्हणू नका.