दुडकी चाल

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जॉकी घोड्याच्या पाठीवर असतो. अमेरिका-फ्रान्समध्ये मात्र घोड्याला जुंपलेल्या हलक्या दोनचाकी गाडीत बसूनही शर्यती होतात. घोड्याने दुडक्या चालीनेच पळायचं. चौखूर उधळला की आवरून मागे घ्यायचा. म्हणून तिथे हाकणाऱ्याच्या वजनापेक्षा लगामावरच्या हाताला किंमत, आणि साठी उलटलेली माणसंही लगाम सोडत नाहीत.

माझे वडील गेटवेजवळ व्हिक्टोरिया घोडागाडी हाकत. चाबूक शोभेलाच. जून २०१५मध्ये उच्च न्यायालयाने त्या गाड्या बेकायदा ठरवल्या. तबेल्यांची दैना पाहता निर्णय योग्यच होता (वडिलांना हे कधी पटलं नाही!). पण पहाटे महामार्गावर टांग्यांच्या चोरट्या शर्यती लावून डांबरावर घोडी पिटाळणाऱ्यांना पोलिसांनी आधी आवरावं.

– एक वाचक, भायखळा