पावसाळ्यापूर्वी आपल्या पिकअपविषयी

तीर्थस्वरूप आई आणि बाबा यांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर पिकअपचा विषय काढला तेव्हा बाबा म्हणाले, "इंजिन अजून नव्यासारखं आहे, गाडीला काही नको." फोनवर मी फार बोलले नाही, कारण शेतात तोडा सुरू होता आणि तुम्ही दोघेही घाईत होतात. पण मृग तोंडावर आला आहे, टोमॅटो घेऊन गाडी पुन्हा माळशेज घाटाने कल्याणला जाणार आहे, आणि मला रात्री झोप लागत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

बाबा, इंजिनाची काळजी तुम्ही जशी घेता तशी आमच्या वर्कशॉपमध्ये येणाऱ्या शंभरांतील दहा गाड्यांचीही घेतली जात नाही, हे मी मनापासून सांगते. ऑइल बदली कधी चुकली नाही, एअर फिल्टर वेळेवर बदलला जातो, डिझेल फिल्टरमधले पाणी तुम्ही स्वतः काढता. परंतु हे सारे गाडी चालवणारे भाग आहेत. गाडी थांबवणाऱ्या भागांकडे आपल्या घरात कोणीच त्या मायेने पाहिलेले नाही, आणि त्यात मीही आले. ब्रेक दाबल्यावर गाडी थांबते, म्हणजे ब्रेक चांगले आहेत, असे आपण धरून चालतो. पण सपाट रस्त्यावर रिकामी गाडी थांबवणे आणि घाटात भरलेली गाडी थांबवणे यांत फार अंतर आहे.

पाडव्याला मी आले होते तेव्हा गाडी धुताना डाव्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला एक काळपट, ओला ओघळ दिसला होता. बोट लावून वास घेतला तर तो ना डिझेलचा होता ना ब्रेक ऑइलचा. तो गिअर ऑइलचा गंधकासारखा उग्र वास होता. चाक काढून ब्रेकचा ड्रम, म्हणजे चाकामागचे गोल भांडे, उघडला तेव्हा एक्सलचे ऑइल अडवणारे सील गेलेले होते, हाऊसिंगमधले ऑइल झिरपून लायनर, म्हणजे ड्रमला घासून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्या, चिंब झाले होते, आणि एका शूवरचे लायनर इतके झिजले होते की रिव्हेटची पितळी डोकी चमकत होती. ड्रमच्या आतून नख फिरवले तर पडलेले चर नखाला लागत होते. त्याआधी महिनाभरच गाडीचे सर्व्हिसिंग झाले होते आणि बिलावर ब्रेक तपासणीचे पैसेही लावलेले होते. चाकाच्या नटांवरचा जुना, वाळलेला चिखल मात्र तसाच होता. म्हणजे त्या नटांना पाना लागलाच नव्हता. डाव्या चाकाचे काम आपण तेव्हाच केले, पण उजव्या बाजूचे सील त्याच वयाचे आहे आणि ते अजून बदललेले नाही.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की, यापुढे ब्रेकचे काम असेल तेव्हा बाबांनी खुर्ची टाकून तिथेच बसावे आणि चारही चाके आपल्या डोळ्यांसमोर उघडून घ्यावीत. पुढच्या ब्रेकचे पॅड किती जाड उरले आहेत आणि मागचे लायनर कुठवर आले आहेत, हे स्वतः पाहावे. घाटातला आपला वापर पाहता दर दहा हजार किलोमीटरला आणि शिवाय पावसाळ्याच्या तोंडावर एकदा, एवढे तरी व्हायला हवे. ड्रममधली काळी धूळ कोणालाही तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू देऊ नका. ती फुप्फुसांत गेली तर वाईट असते, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, आणि असे जुने ऑइल घाटात तापले की त्यातले पाणी उकळून वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट खाली जाते. त्यामुळे ते दोन वर्षांनी पूर्ण बदलायचे. माळ्यावर ठेवलेली ब्रेक ऑइलची अर्धी बाटली टाकून द्या, आणि अडचणीतसुद्धा ब्रेक ऑइलच्या टाकीत इंजिन ऑइल घालू नका. त्याने आतली सगळी रबरे फुगून निकामी होतात.

आता घाटाविषयी. आपल्या गाडीचे असे आहे की ती ओतूरहून जाताना भरलेली असते आणि घाट उतरते, येताना रिकामी असते आणि घाट चढते. ज्या गिअरमध्ये चढायचे त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा नियम बाबा नेहमी सांगतात आणि तो खराच आहे. पण रिकामी गाडी तिसऱ्यात सहज चढते म्हणून भरलेली गाडी तिसऱ्यात उतरवली, तर सगळा भार ब्रेकवर येतो. क्रेट भरलेले असताना हीच गाडी कोणत्या गिअरमध्ये चढली असती, तो गिअर धरा. तो बहुतेक ठिकाणी दुसरा असेल, आणि तो वळण संपल्यावर नव्हे, उतार सुरू होण्यापूर्वी टाकायचा. ब्रेकवर पाय ठेवून राहण्यापेक्षा मधून मधून नीट दाबून वेग कमी करावा आणि पाय पूर्ण उचलावा, म्हणजे ड्रमला निवायला सवड मिळते.

शेजारचा मुलगा गाडी नेतो तेव्हा डिझेल वाचवण्यासाठी ती न्यूट्रलमध्ये सोडतो, असे आई म्हणाली होती. त्याला समजावून सांगा की आपल्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलेटर सोडला की डिझेल जवळजवळ बंदच होते, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहण्यापुरते डिझेल जळत राहते. आणि इंजिन बंद करून उतरला, तर दोन-चार वेळा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो, कारण पायाला मदत करणारा बूस्टर इंजिनाच्या जोरावर चालतो. जळक्या लायनरचा वास आला तर रुंद जागा पाहून थांबावे, गिअर टाकावा, चाकाला दगड लावावा आणि अर्धा तास गाडी निवू द्यावी. तापलेल्या ड्रमवर पाणी मुळीच ओतू नये, तो तडकतो.

वजनाचे बोलले की बाबांना राग येतो, तरीही लिहिते. आपल्या आरसी बुकावरच्या भरलेल्या वजनातून रिकामे वजन वजा केले की १३०० किलो उरतात. वीस किलो टोमॅटोचा एक क्रेट रिकाम्या क्रेटच्या वजनासह २२ किलोच्या घरात जातो. पुढे बसलेल्या दोन माणसांचे वजन सोडले, तर आपली गाडी ५० ते ५२ क्रेट नेण्यासाठी बनलेली आहे आणि आपण ८० नेतो. म्हणजे सहाशे किलो जास्त. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराचा दंड वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार झाला आहे, पण मला दंडाची भीती कमी आणि उताराची जास्त वाटते.

त्याहून मोठी चिंता म्हणजे गेल्या वर्षी गाडी खाली बसू नये म्हणून मागच्या स्प्रिंगमध्ये टाकून घेतलेला जादा पाटा. मागच्या एक्सलजवळ एक छोटी दांडी आहे. गाडी किती दबली आहे हे त्या दांडीवरून ओळखून मागच्या चाकांना किती ब्रेक द्यायचा हे एक व्हॉल्व्ह ठरवतो. जादा पाट्यामुळे गाडी दबतच नाही, त्यामुळे व्हॉल्व्हला ती रिकामीच वाटते आणि भरलेल्या गाडीलाही मागचा ब्रेक कमी मिळतो. पाटा काढून टाका, किंवा निदान मी येईपर्यंत घाटात जाऊ नका.

टायरच्या बाबतीत मागच्या जोडीची नक्षी पाहावी. खाचेत जी लहान उंचवट्याची खूण असते तिच्या बरोबरीला रबर आले, म्हणजे १.६ मिलिमीटर उरले, की टायर बदलायचा असा नियमच आहे. ओल्या घाटात मी तर त्याच्या बऱ्याच आधी बदलेन. स्टेपनीवर कडेला ४११६ असा आकडा आहे, त्याचा अर्थ ती २०१६ सालच्या एकेचाळिसाव्या आठवड्यात बनली आहे. नक्षी कोरी दिसते म्हणून तिच्यावर विसंबू नका, तिच्या कडेला भेगा पडल्या आहेत. हवा सकाळी टायर थंड असताना, दरवाजाच्या चौकटीवरच्या तक्त्याप्रमाणे भरावी.

बाकी थोडक्यात. कूलंट डब्यावरच्या दोन रेघांच्या मध्ये असावे आणि गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशी कोमट पाण्याने धुऊन थोडे व्हॅसलीन लावावे. युरियाची किंवा शेणखताची खेप झाली की त्याच दिवशी हौदा आणि फाळक्याच्या बिजागऱ्या धुवाव्यात. आपल्या हौद्याचा मागचा कोपरा त्यानेच कुजला आहे.

बाबा, एक गोष्ट मात्र आईच्या साक्षीने कबूल करा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तुम्ही डोके घालणार नाही. स्टँड नसेल तर काम दुसऱ्या दिवशी होईल. शिवाय अंधार पडल्यावर एकट्याने अंगणात गाडीखाली वाकून बसणे आपल्या जुन्नर तालुक्यात बरे नव्हे. गेल्या वर्षी उसातून बिबट्या आपल्या गोठ्यापर्यंत आला होता, हे तुम्हीच सांगितले होते. चाक काढून बसवले की नट समोरासमोरचे आवळावेत आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासावेत.

आई, मजुरांच्या हजेरीच्या वहीची मागची पाने तू गाडीसाठी ठेव. प्रत्येक कामाची तारीख आणि किलोमीटर तिथे लिही. गाडीला आठ वर्षे झाल्यामुळे फिटनेस, म्हणजे आरटीओची गाडी-तपासणी, आता दरवर्षी करावा लागतो, त्याची आणि विम्याची तारीखही पहिल्या ओळीत लिहून ठेव. तुझ्या वहीतली नोंद आजवर कधी चुकलेली नाही.

मी शनिवारी दुपारपर्यंत येते. येताना मागचे लायनर, उजव्या बाजूचे सील, सीलबंद ब्रेक ऑइल आणि दोन स्टँड घेऊन येईन. तोपर्यंतचा माल नारायणगावच्या बाजारातच द्यावा, भाव थोडा कमी मिळाला तरी चालेल. रविवारी सकाळी बाबा आणि मी मिळून चारही चाके उघडू.

तुमची लेक